गरम होणारे ग्लोव्हज घेताय? आधी आपल्या गाडीवर बसून मूठ वळा

हिवाळ्यात बाइकवर हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं की ओळखीतले लोक मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला, "बॅटरी किती तास चालते?" प्रश्नच चुकीचा आहे. बॅटरी दहा तास चालली आणि ग्लोव्ह बोटांना आवळत असला, तर तुम्ही दहा तास कुडकुडणार. हे मी पैसे घालवून शिकले. म्हणून खाली मापाचं जरा लांबण लावलंय, बाकीचं पटकन उरकते.

लागतात का, ते ठरवा

पुण्याहून पहाटे महाबळेश्वर गाठायचं, एवढ्यासाठी घेऊ नका. बरे हिवाळी ग्लोव्हज, आत पातळ लायनर (ग्लोव्हच्या आत घालायचा ग्लोव्ह) आणि हँडलला वारा अडवणारा हँडगार्ड, एवढ्यावर भागतं. पारा शून्याच्या आसपास आणि पुढे तासन्‌तास गाडी, असं असेल तरच यात पडा. हवा ० अंशावर आणि वेग ताशी ८० असला, तर उघड्या कातडीला ते उणे १० सारखं लागतं. हँडलला गरम ग्रिप्स बसवल्या म्हणजे सुटलो, असंही नाही. ग्रिप तळवा शेकते. वारा बसतो बोटांच्या पाठीवर, आणि तिथे तिची ऊब पोचत नाही.

वीज कुठून घेणार

दोन जाती आहेत. एक, मनगटाशी छोटी बॅटरी असणारे, बहुधा ७.४ व्होल्टचे. दुसरे, गाडीच्या बॅटरीला जोडायचे १२ व्होल्टचे.

पहिले सोपे, पण हिशेब करून घ्या. २२०० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १६ वॅट-तास. एक ग्लोव्ह पूर्ण गरमवर ८ वॅट खात असला तर दोन तासांत खेळ खलास, आणि थंडीत लिथियम बॅटरी त्याच्याही आधी मान टाकते. खोक्यावरचे 'सहा ते आठ तास' हे सगळ्यात कमी गरमवरचे असतात. दिल्लीत सकाळी ऑफिसला जाणाऱ्याला हे पुरतात. स्पितीच्या वाटेवरच्या नाको ते काझा अशा दिवसाला नाही. बर्फ असला तर त्या रस्त्याला पाच तास सहज लागतात.

१२ व्होल्टच्या ग्लोव्हजची जोडी साधारण २५ ते ३० वॅट घेते, म्हणजे दोन-अडीच अँपिअर. हेडलाइट बंद ठेवून भागवू, हा सल्ला अजून ऐकू येतो. एप्रिल २०१७ नंतरच्या आपल्याकडच्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे तो खर्च धरूनच चाला. सगळं चालू ठेवून, नेहमीच्या वेगाचे आरपीएम धरून, बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साडेतेराच्या वर व्होल्ट दिसले तर बिनधास्त. तेराच्या खाली आले तर गाडीला हा भार झेपत नाही. वायर थेट बॅटरीवरून घ्या, टर्मिनलजवळच ५ अँपिअरचा फ्यूज टाका, आणि इग्निशनवर चालणारा रिले, म्हणजे गाडीची चावी चालू असेल तरच वीज सोडणारा स्विच, लावा. मग रात्री विसरलात तरी सकाळी गाडी स्टार्ट होईल. हेडलाइटच्या किंवा एबीएसच्या वायरीला कात्री लावणाऱ्या मेकॅनिकला हात जोडा आणि गाडी घरी आणा.

आणि ७.४ व्होल्टचा ग्लोव्ह कधीही १२ व्होल्टला जोडू नका. दोन्हीवर चालतो असं त्याच्याच पत्रकात लिहिलेलं असेल, तरच.

लेबल

आतल्या शिवणीला लेबल असतं. त्यावर बाइकस्वाराचं चित्र आणि ईएन १३५९४ हा आकडा, म्हणजे बाइकच्या ग्लोव्हजचं युरोपीय मानक, शोधा. खाली संरक्षणाची १ किंवा २ ही पातळी असते, २ वरची. केपी असेल तर बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षणही तपासलेलं आहे. लेबल नसेल तर तो बर्फात फिरायचा किंवा स्कीइंगचा ग्लोव्ह आहे, जाहिरातीत बाइकचा फोटो असला तरी.

माप

माझा तळवा रुंद आणि बोटं आखूड आहेत. बाजारातले बहुतेक ग्लोव्हज पुरुषी हातावर बेतलेले. पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा एम घातला. तळव्याला मस्त बसला, पण करंगळीच्या टोकाशी पेरभर कापड रिकामं लोंबत होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एस घ्या, वापरून सैल होतात." घेतला. हात पसरून पाहिला, छान दिसत होता. दोन-तीनदा टाळी वाजवली, पैसे दिले.

जानेवारीत नाकोहून काझाला निघाले. तासाभरात दोन्ही करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर झाली. बटणाचा दिवा लाल, म्हणजे सगळ्यात गरम. मनगटाला ऊब लागत होती, बोटं मात्र दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी. थांबून ग्लोव्ह ओढून काढला, तर आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं होऊन बाहेर आलं, ते काही केल्या परत आत जाईना. दोन्ही हात काखेत खुपसून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मागून येणारा ट्रकवाला थांबला, त्याने पेनाच्या टोकाने एकेक बोट आत ढकलून दिलं. संध्याकाळी खोलीवर पाहिलं, तर करंगळीच्या पाठीवर, वायर जाते नेमकी तिथे, लालभडक रेघ. बोट बधिर होतं, त्यामुळे चटका बसला तेव्हा कळलंच नाही.

काय झालं होतं? वायर बोटाला शेक देते, पण बोट गरम ठेवतं ते रक्त. हात पसरलेला असताना जो ग्लोव्ह बेताचा वाटतो, तो मूठ वळली की पाठीवर ताणला जातो. बोटांची टोकं आणि बेचकी ओढली जातात, आणि रक्त तिथेच अडतं. शिवाय ऊब धरून ठेवते ती अस्तरात अडकलेली हवा. अस्तर चेपलं की ती हवा गेली. म्हणजे मी घट्ट ग्लोव्ह घेऊन रक्त आणि अस्तर दोन्ही बाद केले होते, आणि मग सगळा भरवसा वायरीवर टाकला होता.

म्हणून आता मी असं करते. टेपने अंगठा सोडून तळव्याचा घेर घ्यायचा, सैल मूठ वळून. मधल्या बोटाची लांबीही मोजायची, कारण साइज चार्टमध्ये ती बहुतेक वेळा नसते आणि घोळ तिथेच होतो. दोन मापांच्या मधे हात आला तर मोठं माप घ्यायचं. मग ग्लोव्हज घालून स्वतःच्या गाडीवर बसायचं. दुकानात स्टुलावर नाही, शेजाऱ्याच्या गाडीवर नाही, आपल्याच. हँडल धरलेलं असताना बोटाच्या टोकापुढे साधारण अर्धा सेंटिमीटर जागा हवी. क्लच वीस वेळा ओढायचा. लिव्हर आणि ग्रिपच्या मधे कापड अडकलं तर तो ग्लोव्ह बाद, उबेपेक्षा क्लच महत्त्वाचा. न बघता इंडिकेटर आणि हॉर्न दाबता आला पाहिजे. थ्रॉटल पूर्ण पिळायचा. बॅटरीचा फुगवटा मनगटाच्या हाडावर रुतला तर दुकानात तो नुसता टोचतो, तीन तासांनी रडवतो.

'वापरून सैल होतात' हे नुसत्या कातड्याच्या ग्लोव्हला थोडंफार लागू आहे. आत वायर, जाड अस्तर आणि वॉटरप्रूफ पडदा असलेला ग्लोव्ह सैल होत नाही. फार ओढाताण केली तर वायर तुटते.

माझ्यासारखे हात असतील आणि कुठलंच माप बसत नसेल, तर पातळ हीटेड लायनर घ्या आणि त्यावर एक माप मोठा, बिनवायरीचा रायडिंग ग्लोव्ह घाला. मी शेवटी तेच केलं. बाहेरचा ग्लोव्ह निवडायला मग वाव राहतो, आणि लायनर बिघडला तरी अंगावरचं संरक्षण तेच राहतं.

घरी एकदा तपासा

ग्लोव्हज घालून पूर्ण गरमवर टाका आणि पाच मिनिटं थांबा. मग डोळे मिटून एकेक बोट आठवा, ऊब टोकापर्यंत आली का? स्वस्तातल्या ग्लोव्हजमध्ये वायर अंगठ्याला वळसा घालतच नाही. मग बंद करून पहाटे बाहेर फेरी मारा. बंद असताना जो साध्या हिवाळी ग्लोव्हइतकाही उबदार नाही, तो परत करा, कारण वायर कधीतरी बंद पडणारच.

निघताना

बोटं गार पडायची वाट न बघता सुरुवातीलाच मध्यम गरमवर ठेवा. लाल दिवा फक्त घाटमाथ्यापुरता. छाती गारठली की शरीर बोटांचं रक्त आधी कमी करतं, त्यामुळे ग्लोव्हजवर हजारो खर्चून जॅकेटखाली नुसता टी-शर्ट घालणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. विमानाने जात असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, ० अंशाखाली चार्ज केलेली लिथियम बॅटरी कायमची खराब होते. आधी खोलीत तिला ऊब येऊ द्या. रात्री ती रजईत घेऊन झोपा. ओले ग्लोव्हज तंदूरच्या, म्हणजे तिथल्या खोली गरम करायच्या शेगडीच्या, पाइपला टेकवून वाळवू नका. होमस्टेतल्या आजी प्रेमाने तसंच करायला सांगतील, त्यांचे लोकरी मोजे तसेच वाळतात. तुमच्या ग्लोव्हचा वॉटरप्रूफ पडदा मात्र सकाळपर्यंत आक्रसलेला असेल.