तांब्याच्या नेतीपात्रातला हिरवा थर असा घालवला

नागपुरात थंडी सरून धूळ उडू लागली की माझं नाक चोंदतं. जलनेतीने, म्हणजे एका नाकपुडीतून कोमट मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढल्याने, मला खरंच मोकळं वाटतं. तांब्याचं पात्र मी इतवारीतून घेतलं. घेताना तोटीचं टोक बोटाने चाचपून बघा. ते गुळगुळीत हवंच. आणि तोंड इतकं रुंद हवं की आत हात घालून घासता येईल.

तांब्याला मीठ सोसत नाही. खारं पाणी राहिलं की हिरवट थर धरतो. माझ्याकडे तो तोटीच्या जोडाशी दिसला. चिंचेच्या कोळाने आतून घासलं, तोटीत बारीक ब्रश फिरवला, खळखळून धुतलं. आता मीठ काचेच्या भांड्यात विरघळवते, पात्रात ऐनवेळी ओतते आणि नेती झाली की लगेच धुऊन, कोरडं पुसून पालथं ठेवते. थर परत आला नाही.

अर्धा लिटर पाण्याला साधारण ४.५ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. शरीरातल्या क्षारांशी हे जुळतं, म्हणून झोंबत नाही. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच घ्या. कच्च्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो आणि तो नाकावाटे मेंदूत शिरला तर जीवावर बेततं. कान दुखत असेल त्या दिवशी नेती करू नका.