सुधारणा काही काळाने का विझते? कारखान्यातल्या या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीत होते. गेटजवळच्या सूचनापेटीची किल्ली हरवली होती आणि पाच-सहा महिने कुणाला ती आठवलीही नव्हती. शेवटी कुलूप तोडलं. आत नऊ चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर तेलकट अंगठा उमटला होता आणि लिहिलं होतं, 'ड्रिलच्या जिगमध्ये पिनपाशी चिप अडकते, पार्ट तिरका बसतो, भोक सरकतं.' जिग म्हणजे भोक पाडताना पार्ट जागेवर धरणारा साचा, आणि चिप म्हणजे ड्रिलमधून निघणारा धातूचा कीस.

याच सरकलेल्या भोकांवर आम्ही दर सोमवारी मीटिंग घेत होतो! पिनभोवती चिप पडायला खाच पाडली, एअर गन हाताशी टांगली आणि ती तक्रार मिटली. चिठ्ठी लिहिणारा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, मी तेव्हाच लिहिलं होतं. कुणी काही बोललं नाही, मग म्हटलं जाऊ दे."

हे 'जाऊ दे' कुठल्याही रिजेक्शनपेक्षा, म्हणजे नापास झालेल्या पार्टपेक्षा, महाग पडतं. नकार माणूस पचवतो, पण गप्प राहिलेला साहेब त्याला पचत नाही. म्हणून आठवड्याच्या आत सुपरवायझरने मशीनपाशी जाऊन सांगावं, काम कधी होईल किंवा का जमणार नाही. पेटी काढा, लाइनशेजारी बोर्ड लावा. सूचना कुणाकडे अडली आहे ते सगळ्यांना दिसू दे.

'कुणी केलं?' हा पहिला प्रश्न असेल तर खराब पार्ट कपाटामागे जातात आणि रीवर्कची, म्हणजे पार्ट पुन्हा दुरुस्त केल्याची, नोंद होत नाही. रिजेक्शनचा आकडा एकदम उतरला तर टाळ्या वाजवण्याआधी स्क्रॅपचा डबा बघा. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांत 'भीती घालवा' हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

क्वालिटी सर्कलचंही तसंच. 1962 मध्ये जपानात गुणवत्तातज्ज्ञ इशिकावा यांच्या पुढाकाराने ही मंडळं सुरू झाली, ती कामावरच्या माणसांनी आपले प्रश्न आपण निवडून सोडवावेत म्हणून. आपल्याकडे विषय मॅनेजर देतो, स्लाइड इंजिनिअर बनवतो, ऑपरेटर फक्त फोटोत उभा राहतो. कंत्राटी कामगार तर फोटोतही नसतो, आणि लाइनवर निम्मे तेच असतात. त्यांना बाहेर ठेवू नका.

ऑडिटच्या आदल्या रात्रीची रंगरंगोटी बंद करा. रोज शिफ्ट संपताना साफसफाईला दहा मिनिटं पुरतात, पण ती शिफ्टच्या वेळेतलीच हवीत.

शेवटची चूक आमचीच. वर्षभराने तो जिग झिजला, नवा बनवून आला आणि भोकं पुन्हा सरकू लागली. ड्रॉइंग कुणी बदललंच नव्हतं, त्यामुळे नव्या पिनभोवती खाच नव्हती. सुधारणा टिकली की त्याच आठवड्यात ड्रॉइंग, कामाची पद्धत आणि मेंटेनन्सची चेकलिस्ट बदला, सुचवणाऱ्याचं नाव नोंदीत घाला. भोकं पुन्हा सरकली त्या दिवशी तोच ऑपरेटर चिठ्ठी न लिहिता नवा जिग हातात घेऊन सरळ माझ्या टेबलापाशी आला होता.