क्लायंट नाही, अनुभव नाही, मग पेड अ‍ॅड्सचा पोर्टफोलिओ करायचा कसा?

पेड अ‍ॅड्स (गुगल, मेटावर पैसे देऊन चालवायच्या जाहिराती) शिकणारी बरीच मुलं सर्टिफिकेटवरच अडकून बसतात. गुगल स्किलशॉप या गुगलच्या ट्रेनिंग साइटची सर्टिफिकेटं फुकट आहेत, घ्याच ती, पण वर्षभरात एक्स्पायर होतात आणि नोकरीला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाकडे तीच असतात. एजन्सीवाल्याला बघायचं असतं की दुसऱ्याचे पैसे तुमच्या हातात दिले तर तुम्ही ते कुठे लावाल, का लावाल आणि कधी थांबवाल.

त्यासाठी गुगल अ‍ॅड्सचं एक खरं अकाउंट पाहिजे, छोटं का असेना. ओळखीत विचारा, कुणाचा क्लास असतो, कुणाच्या मावशीचे घरगुती मसाले असतात. आपण इथे रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या मागवून पुण्यात घरपोच देणारा मित्र धरू, कारण सीझन छोटा असतो आणि लोक स्वतःहून सर्च करतात.

समजा तो 3,000 रुपये द्यायला तयार झाला. त्याला आधीच सांगा की यात 18% जीएसटी जातो, म्हणजे प्रीपेड अकाउंटला 3,000 भरले तर अ‍ॅडसाठी साधारण 2,542 उरतात, 15 दिवस चालवायचं तर रोजचे 170 च्या आसपास. एवढ्यात एकच सर्च कॅम्पेन चालवा, म्हणजे गुगलवर शोधणाऱ्यालाच अ‍ॅड दिसेल. डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवर अ‍ॅड दाखवण्याची) टिक काढा. लोकेशनमध्ये नुसतं पुणे टाकून थांबू नका, कारण तिथे आधीपासून जो पर्याय निवडलेला असतो त्यात पुण्यात ‘रस’ असलेली बाहेरची माणसंसुद्धा धरतात आणि दिल्लीत बसलेल्या माणसाच्या क्लिकचे पैसे आपल्या मित्राच्या खिशातून जातात. फक्त त्या ठिकाणी असलेले लोक, हा पर्याय घ्या. अशा प्रत्येक बदलाचा स्क्रीनशॉट काढा आणि खाली दोन ओळीत कारण लिहा, पोर्टफोलिओचा कच्चा माल हाच.

आता सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधल्यावर अ‍ॅड दिसली त्याची यादी, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुम्ही कीवर्ड टाकलेला असतो ‘हापूस आंबा पेटी’ आणि लोकांनी शोधलेलं असतं ‘हापूस कलम किंमत’, ‘आंब्याचं लोणचं रेसिपी’, ‘मार्केट यार्ड आंबा भाव आज’. कलम आणि रेसिपी सरळ निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, म्हणजे त्या शोधांवर अ‍ॅड दिसणार नाही. भाव बघणारा मात्र लगेच काढू नका, तो उद्या पेटी घेऊ शकतो, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा अ‍ॅड ग्रुप करून अ‍ॅडमध्येच आजचा दर लिहून बघा. असा एक निर्णय कारणासकट दाखवला ना, की वाचणाऱ्याला कळतं या पोराला विचार करता येतो.

ट्रॅकिंग पहिल्या दिवसापासून लावा. छोट्या धंद्यात ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, म्हणून गुगल टॅग मॅनेजरने (वेबसाइटवरचे क्लिक मोजायचं फुकट टूल) व्हॉट्सअ‍ॅप बटणाचा क्लिक मोजा आणि खरी ऑर्डर किती झाली ते मित्राला वहीत लिहायला सांगा. समजा 3,000 मध्ये 25 चौकश्या आल्या आणि 5 पेट्या गेल्या. चौकशी 120 ला पडली, ऑर्डर 600 ला, आणि पेटीमागे नफा 300 असेल तर हे कॅम्पेन तोट्यात आहे. तसंच लिहा. पुढे काय कराल तेही लिहा, उदाहरणार्थ सोसायटीसाठी एकदम 4 पेट्यांची ऑफर, म्हणजे एका ऑर्डरमागे 1,200 सुटतील. नुसते इम्प्रेशन (अ‍ॅड किती वेळा दिसली) आणि सीटीआरचे (दिसल्यावर किती टक्के क्लिक झाले) मोठे आकडे चिकटवलेले पोर्टफोलिओ बघून खरंच वाईट वाटतं, मेहनत केलेली असते पण धंद्याचा हिशोबच नसतो.

पैसे देणारं कुणीच मिळालं नाही तर मेटा अ‍ॅड लायब्ररी आणि गुगलचं अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर दोन्ही फुकट आहेत, एका धंद्यातल्या चार-पाच जाहिरातदारांच्या अ‍ॅड्स बघा, कोण काय ऑफर देतंय ते मांडा आणि स्वतःचा प्लॅन करा, रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडच्या (गुगल ज्यात तुमच्या हेडलाइन्स आलटून पालटून दाखवतं) 15 हेडलाइन्स, प्रत्येकी 30 अक्षरांच्या आत. वर ‘सराव’ असं ठळक लिहा, खरं काम म्हणून खपवू नका.

दोन-तीन केस पुरतात, गुगल डॉकमध्ये ठेवल्या तरी चालतं. कुणाचं अकाउंट हाताळताना पासवर्ड मागू नका, मॅनेजर अकाउंटमधून (दुसऱ्यांची अ‍ॅड्स अकाउंट्स जोडून हाताळायचं गुगलचं अकाउंट) लिंक रिक्वेस्ट पाठवा, आणि आकडे बाहेर दाखवायच्या आधी मालकाची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘हो’ सुद्धा जपून ठेवा.