ब्रंचसाठी जागा निवडताना या चुका टाळा

न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करून ब्रंच झाला, असे आपण सहज म्हणतो. पण सुट्टीच्या दिवशी ब्रंचला बाहेर जाऊन हिरमुसून परतणाऱ्यांची चूक बहुधा पदार्थ निवडण्यात नसते, ती वेळेचा अंदाज घेण्यात झालेली असते. हा शब्द पहिल्यांदा छापून आणण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, त्या गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये मांडलेली कल्पनाच मुळी अशी होती की, रविवारी लवकर उठून पुढे जड जेवणाला बसण्यापेक्षा उशिरा उठावे, चहा-कॉफीपासून सुरुवात करावी आणि गप्पा मारत सावकाश भरपेट पदार्थांकडे वळावे. त्यामुळे एखादी जागा ब्रंचसाठी चांगली की नाही हे ठरवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तिथे निवांत बसू देतात का?

रात्रीच्या कीर्तीवर विसंबणे

रात्रीच्या जेवणासाठी नावाजलेले रेस्टॉरंट सकाळीही तितकेच चांगले असेल, हे गृहीत धरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. अनेक ठिकाणी सकाळच्या पाळीत वेगळे लोक काम करतात, मेन्यू वेगळा असतो आणि रात्री ज्या पदार्थांमुळे त्या जागेचे नाव झाले ते ब्रंचला मिळतही नाहीत. म्हणून एकूण तारांकन पाहण्याऐवजी अलीकडचे अभिप्राय उघडून त्यांतले शनिवार-रविवार सकाळचे तेवढे वाचावेत आणि रेस्टॉरंटने स्वतः टाकलेल्या छायाचित्रांपेक्षा ग्राहकांनी काढलेली पाहावीत. मेन्यू फार लांबलचक असेल तर मी सावध होतो. न्याहारीपासून पूर्ण जेवणापर्यंत सर्व काही एकाच वेळी ताजे करून देणे फार थोड्या स्वयंपाकघरांना जमते.

गर्दीच्या ऐन वेळी पोहोचणे

अकरा ते एक ही वेळ बहुतेक सर्वांनाच सोयीची वाटते आणि नेमकी म्हणूनच ती सर्वांत गैरसोयीची ठरते. त्या दोन तासांत वाढप्यांची धांदल उडालेली असते, स्वयंपाकघरात मागणीच्या चिठ्ठ्या साचलेल्या असतात आणि बाहेर ताटकळणारे लोक तुमच्या टेबलाकडे डोळे लावून उभे असतात. शक्य असेल तर ब्रंच सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच पोहोचावे. अगदी शेवटी जाणे हा तितका चांगला पर्याय नव्हे, कारण तोवर काही पदार्थ संपलेले असतात आणि स्वयंपाकघर पुढच्या तयारीला लागलेले असते.

आरक्षण करताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्याव्यात: शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, टेबल किती वेळासाठी मिळते, आणि सगळे जण आल्याशिवाय बसू देतात की नाही. दीड किंवा दोन तासांची मर्यादा अनेक ठिकाणी असते आणि ती आधी माहीत नसली की गप्पा रंगात आलेल्या असतानाच बिल समोर येते. आपल्या गटात एक जण हमखास उशिरा येणारा असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे.

अंडी आणि बुफे यांविषयीचे गैरसमज

ब्रंचच्या मेन्यूचा कणा म्हणजे अंडी, आणि तक्रारीही त्यांच्याविषयीच अधिक होतात. पाण्यात शिजवलेले पोच्ड अंडे तीन-चार मिनिटांत तयार होते, पण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने ते शिजतच राहते. त्यामुळे गर्दीच्या वेळी टेबलावर येईपर्यंत पिवळा बलक घट्ट झालेला असू शकतो. त्यावरचा हॉलंडेझ सॉस अंड्याचा बलक आणि लोणी घोटून केलेला असतो आणि जास्त तापला तर फुटतो. तो वाफाळता नसून कोमट येतो, हा त्याचा दोष नव्हे. मात्र गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध किंवा आजारपणातून उठलेले कोणी सोबत असेल, तर बलक पूर्ण शिजवून मागावा आणि असा सॉस टाळावा.

बुफेमध्ये भरगच्च थाळे पाहून भुलू नये. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून जिथे छोटी भांडी वारंवार बदलली जातात, झाकणे वापरली जातात आणि गरम पदार्थातून खरोखर वाफ निघते, तो बुफे मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

सोबत कोण आहे हे विसरणे

एकदा मी घरातल्या ज्येष्ठांना गच्चीवरच्या एका सुंदर जागी घेऊन गेलो आणि आरक्षण करताना सावलीची चौकशी करायचे राहून गेले. तासाभरात ऊन थेट टेबलावर आले, आतले एकही टेबल रिकामे नव्हते, आणि खाणे उत्तम असूनही आम्हाला अर्ध्यातून उठावे लागले. त्याची रुखरुख आजही वाटते. सावली, जिना, खुर्च्यांची उंची आणि संगीताचा आवाज यांची चौकशी तेव्हापासून मी न चुकता करतो.

तरीही बिघडलेच तर

ऑर्डर यायला उशीर होईल असे दिसले, तर वाट पाहत न बसता कॉफीसोबत फळे किंवा बेकरीतला एखादा तयार पदार्थ मागवावा आणि बाकीची ऑर्डर तुकड्यातुकड्यांनी न देता एकदम द्यावी, कारण दर नवी चिठ्ठी पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. पदार्थ गार किंवा चुकीचा आला असेल, तर दोन घासांच्या आतच शांतपणे सांगावे आणि नेमके काय हवे तेही सांगावे: पुन्हा करून, दुसरे काही, की बिलातून वजा. नव्याने करायला किती वेळ लागेल हे विचारूनच होकार द्यावा, नाहीतर बाकीच्यांचे खाऊन संपते आणि आपण एकटेच ताटाची वाट पाहत बसतो.