ड्रॅग रेसला फिल्म कॅमेरा घेऊन निघताना

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावरची, थोड्या अंतराची गाड्यांची शर्यत. बॅग भरायला बसलात की आधी रोल ठरवा. गाड्या सुसाट जाणार म्हणून बहुतेक जण ४०० आयएसओचा रोल उचलतात (आयएसओ जितका मोठा, तितका कमी उजेड रोलला पुरतो). मी १०० चाच घ्या असं सांगेन. कडक उन्हात लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, एफ/१६ इतकं लहान ठेवलं की शटर साधारण एक भागिले रोलचा आयएसओ इतके सेकंद उघडायचं, हा जुना हिशोब. त्या हिशोबाने ४०० चा रोल एफ/१६ ला १/५०० मागतो. गाडी स्पष्ट आणि मागची गर्दी पुसट हवी असेल, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत पॅनिंग करायचं असेल, तर १/१२५ किंवा १/६० लागतं. तेवढा उजेड अडवायला बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर पुरतच नाही. १०० चा रोल एफ/१६ ला १/१२५ आणि एफ/२२ ला १/६० देतो. घरात ४०० चाच पडला असेल तर एनडी-८ फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची करडी काच, सोबत ठेवा. तो तीन स्टॉप उजेड कापतो, म्हणजे तीनदा निम्मा करतो. ३६ फ्रेमचे दोन रोल दिवसाला भरपूर झाले.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर आदल्या रात्री तपासा आणि एलआर४४ चा जादा सेल पाकिटात टाका. पेंटॅक्स के१००० असेल तर लेन्सला टोपी लावूनच ठेवा. त्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, उजेडात सेल उतरत राहतो. लेन्स दोन पुरेत. कठड्याबाहेरून १३५ मिमी, पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागी, ५० मिमी. ट्रायपॉड घरीच राहू द्या, गर्दीत तो सगळ्यांच्या पायात येतो.

पुण्याजवळ अशा शर्यती अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरल्या आहेत. तिथेच जायचं असेल तर पहाटेच निघा. सुट्टीच्या दिवशी लोणावळ्यापुढे भुशी धरण आणि लायन्स पॉइंटचा रस्ता तुंबला की सकाळचं कोवळं ऊन गाडीतच संपतं. धावपट्टीवर सावली शोधून सापडत नाही, म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि भरपूर पाणी. इयरप्लग विसरू नका, सोबत लहान मूल असेल तर मुळीच नाही. डब्यात दशमी आणि कोरडी चटणी घ्या. तेलकट बोटांनी रोल हाताळू नये.

आता उभं कुठे राहायचं. शर्यत क्वार्टर माईलची, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, आणि चांगली सुपरबाईक ती दहा सेकंदांच्या आसपास कापते. लिव्हर ओढून फ्रेम पुढे नेणाऱ्या कॅमेऱ्यावर एका धावेत दोन-तीन फोटो मिळाले तरी खूप. म्हणून बहुतेक फ्रेम सुरुवातीच्या रेषेसाठी राखा. आधी बर्नआउट होतो, टायर तापून पांढरा धूर उठतो. मीटर त्या पांढऱ्याला फसतं, एक स्टॉप जास्त द्या. मग चालक इंच-इंच पुढे सरकतो, दिव्यांच्या खांबावर वरचे छोटे दिवे लागतात आणि आवाज एकाच सुरावर थांबतो. फोकस आधीच रेषेवर लावलेला असू द्या, श्वास रोखा. पिवळा जाऊन हिरवा लागताना गाडीची शेपूट बसते, बाईकचं पुढचं चाक हलकं होतं, आणि बटण तेव्हाच दाबायचं. शेवटच्या टोकाला वेग खरा, पण दुपारी तापलेल्या डांबरावरची हवा लांबून घेतलेला फोटो विरघळवून टाकते.

ऊन डोक्यावर आलं की कॅमेरा गळ्यात टाकून पिटकडे जायला परवानगी आहे का ते विचारा. तिथे टायरची हवा मोजणारे हात आणि शर्यतीसाठी तयार केलेल्या यामाहा आरएक्स १०० बाईकचं उघडं इंजिन सापडतं, आणि मला तर हेच फोटो सर्वांत प्रिय आहेत. विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडापुढे कॅमेरा धरू नका. फ्लॅश रेषेजवळ अजिबात नको.

रोल स्वतःच्या अंगाच्या सावलीत बदला. नवा भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची गोल कळ फिरते का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म दात्यांवर बसलेली नाही. संपलेला रोल पूर्ण आत गुंडाळा, म्हणजे चुकून पुन्हा भरला जाणार नाही. त्यावर मार्करने तारीख आणि वापरलेला आयएसओ लिहा आणि तापलेल्या डिकीत न ठेवता पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा.