सिंक लावूनही किक दुहेरी वाजते? बीटग्रिड तपासा

डीजे सॉफ्टवेअरच्या दोन्ही डेकवर (गाणं वाजवणाऱ्या भागांवर) 124 बीपीएम (मिनिटाला ठोके) दिसतंय, सिंक (दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळवणारी सोय) चालू आहे, तरी मिक्स करताना किक (बास ड्रमचा ठोका) 'ढड्-ढड्' अशी दुहेरी येते. नवखे लगेच कंट्रोलर (सॉफ्टवेअर चालवायचं डीजेचं यंत्र) बदलायला निघतात. बहुतेक वेळा चूक बीटग्रिडची असते. सिंक गाणं ऐकत नाही, सॉफ्टवेअरने ठोक्यांवर आखलेल्या रेघा, म्हणजे बीटग्रिड, जुळवतं.

दुरुस्ती अशी केली: वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पूर्ण झूम करून पहिल्या स्पष्ट किकचा चढ जिथे सुरू होतो, तिथे पहिली रेघ बसवली. मग थेट गाण्याच्या शेवटाकडे. तिथे रेघ किकच्या आधी पडत असेल तर बीपीएम थोडा कमी करायचा, नंतर पडत असेल तर वाढवायचा. फक्त 0.02 बीपीएमची चूक पाच मिनिटांत सुमारे 48 मिलिसेकंदांवर जाते, आणि मिक्स तर नेमका शेवटीच होतो! प्रत्यक्ष ड्रमरने वाजवलेल्या जुन्या गाण्यांत वेग हलतो. तिथे सिंक बंद करून जॉग व्हीलने (कंट्रोलरवरच्या गोल चाकाने) हलका धक्का देत राहणंच बरं.

म्हणून कान तयार हवा. बीपीएमचा आकडा झाकून, पिच रेंज (वेग कमी-जास्त करण्याची मर्यादा) ±8 टक्के ठेवून रोज दोन गाणी जुळवा. कंट्रोलर साधा दोन चॅनलचा चालेल, पण त्यात साउंड कार्ड आणि हेडफोन क्यूसाठी (पुढचं गाणं आधी फक्त स्वतः ऐकण्यासाठी) स्वतंत्र आउटपुट हवंच. पिच फेडर (वेग बदलणारी सरकती कळ) जितका लांब, तितकं बारीक जुळवणं सोपं. आवाज कडकडला तर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) 128 वरून 256 सॅम्पल करा.