मॉरिशसमधला आठवडी बाजार

महेबूरचा बाजार सोमवारी, सेंट्रल फ्लाकचा बुधवारी आणि रविवारी. सकाळी आठच्या आत पोहोचा. उन्हं चढली की पालेभाजी माना टाकते. प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशवी न्या. मॉरिशसचे सुटे रुपयेही हवेत. तिथल्या क्रिओल बोलीत ‘कोम्ये सा?’ म्हणजे ‘हे कितीला?’ भाव नीट ऐका: ‘लिव’ म्हणजे अर्धा किलो. तो किलोचा समजलात, तर हिशेब दुप्पट!

खरी चैन म्हणजे व्हिक्टोरिया अननस. छोटा, पण भलताच गोड. बुडाशी वास घ्या; आंबूस आला तर ठेवून द्या. विक्रेते डोळे तिरके कापून देठासकट हातात देतात. तिखट-मीठ मागायला विसरू नका. लिची मात्र नोव्हेंबर-डिसेंबरातच.